पांढरीची हद्द : शहर वाढते, नियम कधी वाढतात?

आमच्या वालूरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात दोन शब्द अजून येतात : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरीची माती खरोखरच पांढुरकी असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेणामातीचे थर यांनी ती तशी होते. माळवदावर टाकायला हीच माती लागायची. घर पांढरीत बांधायचे, पेरा काळीत करायचा, हा नियम कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता. पण तो मोडून कोणी काळीत घर बांधले तर गाव त्याला वेड्यात काढी.

आज शहराच्या कचेरीत ज्याला ‘झोन’ म्हणतात, त्याचा हा आपल्याकडचा जुना अवतार. इंग्रजांच्या आणि निजामाच्या महसुली कारभारात पांढरीचे ‘गावठाण’ झाले, तिला हद्दीचे दगड लागले आणि नकाशावर रेघ आली. पण रेघेच्या आत काय चालावे यावर बंधन नव्हते. सुताराचे घर हाच त्याचा कारखाना, सोनाराची ओसरी हीच त्याची पेढी. वाण्याचे दुकान खाली आणि बिऱ्हाड मागे किंवा वर.

हे चित्र गोड आहे म्हणून ते पूर्ण खरे मानू नये. पांढरीच्या आतही विभाग होते आणि ते जातीने पाडलेले होते. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, कोणत्या पाणवठ्यावर कोणी जायचे, हे सगळे ठरलेले होते. आमचे गाव बारवांसाठी ओळखले जाते. गोल फिरत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांची आमची चक्राकार बारव पाहायला आता लांबून लोक येतात. गाळाने आणि कचऱ्याने भरलेली ती बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली, याचा मला अभिमान आहे. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या पाणवठ्याचे कौतुक करताना त्याच्या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. जागेची वाटणी कुठलीही असो, ती कोणाच्या सोयीची आहे हा प्रश्न तिच्यासोबत येतोच.

मी नगररचनाकार नाही, वकीलही नाही. या विषयात पडलो तो माझ्या थोरल्या भावामुळे. दादा पंचवीसेक वर्षांपूर्वी मुलांच्या शाळेसाठी गाव सोडून शहरात गेले. कोणते शहर ते मुद्दाम लिहीत नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव घाला, गोष्ट तीच राहील. शहराच्या कडेला शंभराच्या बॉण्डवर त्यांनी एक गुंठा जागा घेतली. मागे दोन खोल्या, पुढे शटरची एक खोली. त्या खोलीत किराणा दुकान. गल्ल्यावर बहुतेक वेळ वहिनीच. त्या दुकानावर दोन मुलांची शिक्षणे आणि मुलीचे लग्न झाले. मग एक दिवस नोटीस आली. बांधकाम विनापरवाना, शिवाय निवासी जागेचा वाणिज्य वापर.

दादा फोनवर एवढेच म्हणाले, “इतकी वर्षं घरपट्टीत दुकानाचा दर लावलाय, पावत्या आहेत माझ्याकडं. कर दुकानाचा घेतात, मग दुकान नाही कसं म्हणतात? तू एवढी पुस्तकं वाचतोस, एवढं शोधून सांग.”

त्याचे कायद्यातले उत्तर एका वाक्याचे आहे. कर वापरावर बसतो, परवानगी हा वेगळा विषय, आणि कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. अनेक ठिकाणी पावतीवरच तसा शिक्का असतो. पण हे उत्तर दादांना सांगायचे धाडस मला झाले नाही. म्हणून मुळापासून वाचायला घेतले.

रंगांचा नकाशा

महाराष्ट्रात शहराची वाढ ज्या कायद्याने बांधली जाते तो म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. प्रत्येक नगरपालिकेने आणि महानगरपालिकेने आपल्या हद्दीची विकास योजना करायची, किमान वीस वर्षांत एकदा तिची फेरतपासणी करायची, असे तो सांगतो. ही योजना म्हणजे एक मोठा रंगीत नकाशा आणि त्यासोबतची नियमावली. राहण्याची जागा पिवळी, बाजार निळा, कारखाने जांभळे, शेती हिरवी. मधूनमधून शाळा, बाग, दवाखाना, रस्ता यांची आरक्षणे. नकाशा जागेचा रंग ठरवतो आणि नियमावली त्या रंगात काय चालेल, किती उंच चालेल, समोर किती मोकळी जागा सोडायची, हे ठरवते.

रंग वेगळे करण्याची ही कल्पना आपल्याकडची नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्टने १८९१ मध्ये शहराचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळे बांधकाम नियम लावले. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये पूर्ण शहरासाठी असा नियम केला. उंच इमारतींनी रस्त्यांवरचा उजेड झाकायला सुरुवात केली होती. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड या गावाच्या खटल्यात हे अधिकार मान्य केले, तेव्हा निकालात डुकराचे उदाहरण आले : डुक्कर गोठ्याच्या आवारात असले तर उपद्रव नाही, दिवाणखान्यात शिरले तर उपद्रव. गोष्ट वाईट नसते, जागा चुकीची असते. समजायला इतके सोपे उदाहरण मला दुसरीकडे सापडले नाही.

पण त्याच देशात बाल्टिमोर शहराने १९१० मध्ये गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवणारा कायदा केला होता. त्या प्रकारचे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द ठरवले. पुढे अनेक गावांनी वंशाचे नाव न घेता किमान प्लॉटच एवढा मोठा ठरवला की गरीब माणूस आपोआप बाहेर राहिला. हे वाचताना मला आमच्या गावाची वेस आठवली.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा पहिला कायदा झाला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश अभ्यासक हिंदुस्थानातली शहरे पायी फिरून पाहत होता. पुढे तो मुंबई विद्यापीठात प्राध्यापकही झाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. आधी वस्ती नीट पाहा, तिचे चालते काय ते समजून घ्या, मग जिथे कोंडले आहे तिथेच थोडे कापा, असे त्याचे म्हणणे. ते ऐकले फारसे गेले नाही.

न ऐकल्याचा एक दाखला आपल्या मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी पूर्ण नव्याने वसवली गेली. हेतू चांगला, घरे भूकंपाला टिकणारी. पण आखणी शहरी कॉलनीसारखी झाली. सरळ रेषेत रस्ते, सुटीसुटी घरे, गाव जुन्यापेक्षा कितीतरी पसरलेले. ओसरी गेली, पार गेला, शेजारी लांब गेला. नंतर लोकांनी आपल्या हाताने भिंती घातल्या, पडव्या काढल्या, घरापुढे टपरी टाकली आणि नकाशातल्या कॉलनीचे हळूहळू गाव केले. अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. तिथल्या माणसाला विचाराल तर तो एका वाक्यात सांगेल : दुकान जवळ लागतं.

नियम सुधारला

आता मुख्य प्रश्न. शहर बदलले, तसा नियम बदलला का? उत्तर ऐकून मी स्वतः चकित झालो. नियम बदलला आहे आणि बराच शहाणपणाने बदलला आहे.

पूर्वी प्रत्येक शहराची नियमावली वेगळी होती. एका गावात जे चाले ते शेजारच्या गावात चालत नसे, आणि या गोंधळात मध्यस्थांचे पोट भरे. २०१३ मध्ये अ, ब, क वर्ग नगरपालिकांसाठी एक समान नियमावली आली. नंतर डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ लागू केली. मुंबई महानगरपालिका आणि काही खास क्षेत्रे वगळता पुण्यापासून परभणीपर्यंत आणि सेलूपासून सावंतवाडीपर्यंत आता एकच पुस्तक चालते.

या पुस्तकातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की पिवळ्या रंगात काय चालेल हे ते नुसत्या रंगावरून ठरवत नाही, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरवते. निवासी विभागाचे दोन भाग आहेत, आर-१ आणि आर-२. अरुंद रस्त्यावरचे प्लॉट आर-१ मध्ये, रुंद रस्त्यावरचे आर-२ मध्ये. जुन्या दाट वस्तीत ही सीमारेषा ९ मीटरवर, म्हणजे साधारण साडेएकोणतीस फुटांवर आहे. आर-१ मध्ये घर, घरगुती उद्योग, डॉक्टरचा दवाखाना, राहत्या माणसाचे कार्यालय आणि रोजच्या गरजेची छोटी दुकाने चालतात. आर-२ मध्ये मोठी दुकाने, बँका, कचेऱ्या असे बरेच काही चालते. मागचा विचार सरळ आहे. त्रास दुकानाने होत नाही. दुकानाकडे येणाऱ्या गाड्यांनी, मालाच्या ट्रकने, आवाजाने होतो. रस्ता तो भार पेलत असेल तर दुकानाला हरकत कशाला? डुकराचेच उदाहरण, फक्त इथे जागा मीटरने मोजायची.

जपानमध्येही विचार असाच आहे. तिथे १९९२ च्या दुरुस्तीनंतर देशभरासाठी बारा प्रकारचे विभाग झाले. सर्वांत शांत विभागातही घरातले छोटे दुकान चालते, आणि जसजसा विभाग दाट होतो तसतशी वापरांची यादी वाढत जाते. दुकानात राहू नये असे तो नियम सहसा म्हणत नाही.

नव्या पुस्तकात छोट्या माणसासाठी आणखी एक सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचे असेल तर महिनोन्‌महिने थांबायचे कारण नाही. नियमाप्रमाणे केलेला नकाशा तज्ज्ञाच्या दाखल्यासह द्यायचा, शुल्क भरायचे, पोच घ्यायची आणि काम सुरू करायचे. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी.

दादांचा गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. दुकान किराणा मालाचे आणि शटरच्या एका खोलीचे. म्हणजे दुकान बसते, प्लॉटचा आकारही बसतो. मी फोन करायला उठलोच होतो. मग त्याच नियमात पुढचे शब्द दिसले : मंजूर रेखांकनातील भूखंड.

दार तिथे बंद होते

सगळी गाठ इथे आहे. आपण ‘निवासी जागेत दुकान चालावे की नाही’ यावर वाद घालतो, पण आमच्यासारख्या भागातल्या हजारो घरांना तो वाद लागूच होत नाही. त्यांची जागा कागदोपत्री अजून शेती आहे. नियमाच्या पुस्तकात शिरायला जे दार आहे त्याच्या बाहेर ती घरे उभी आहेत.

हे होते कसे, ते एका एकराच्या हिशेबावरून कळते. एकरात ४० गुंठे. जमीन कायद्याने विकसित करायची तर आधी ती अकृषिक व्हायला हवी, मग रेखांकन मंजूर व्हायला हवे. रेखांकन म्हटले की मोजणी, गाडी आणि अग्निशामक बंब वळेल असे रस्ते, गटार, विजेचे खांब. जमीन ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर दहा टक्के मोकळी जागा. आणि एक एकर भरतो ४,०४७. ढोबळ मानाने रस्त्याला नऊ-दहा आणि मोकळ्या जागेला चार गुंठे गेले, तर विकायला सव्वीस-सत्तावीस उरतात. वर दोन-तीन वर्षांचे हेलपाटे. उलट त्याच एकरात चुन्याच्या फक्क्या मारून पंधरा फुटांच्या बोळी सोडल्या तर तेहतीस-चौतीस गुंठे विकता येतात, तेही येत्या सुगीच्या आत. पहिल्या प्लॉटची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होते. मुलांच्या शाळेसाठी गाव सोडून आलेल्या माणसाला कोणता परवडेल, हे सांगायला नको.

त्यात भर तुकडेबंदीची. शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ चा कायदा आहे. हेतू शेतीच्या भल्याचा. २०२३ मध्ये ही मर्यादा खाली आणून बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे करण्यात आली. पण शहराच्या कडेला कोणी दहा गुंठे घेत नाही, एक घेतो. एक गुंठ्याचे खरेदीखत नोंदत नाही, म्हणून बॉण्ड होतो. बॉण्डवर सातबारा बदलत नाही. सातबारा नाही म्हणून परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, म्हणून घर सावकाराच्या किंवा भिशीच्या पैशाने टप्प्याटप्प्याने वर चढते. शेतीचे तुकडे होऊ नयेत म्हणून केलेल्या कायद्याने शहराच्या कडेला तुकडे थांबवले नाहीत. फक्त तुकडा घेणाऱ्याला कागदाविना ठेवले.

सरकारला हे कळत नाही असे नाही. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करणारा कायदा झाला. १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी शुल्क आणि दंड घेऊन नियमित करायची, अशी त्याची कल्पना. त्यानंतर वीस वर्षे वस्त्या वाढतच राहिल्या, आणि २०२१ मध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्र्यांनी १ जानेवारी २०२५ पर्यंतच्या एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना मोकळीक देण्याचे जाहीर केले. ज्यांची घरे उभी आहेत त्यांच्यासाठी हे आवश्यक आहे, त्याला माझा विरोध नाही. पण तारखांकडे नीट पाहा. प्रत्येक वेळी रेघ मागे ओढली जाते, ती पुढे कधी आखली जात नाही. जो आजच्या नंतर प्लॉट पाडणार, त्याला या तारखा काय शिकवतात? थांबा, पुढची तारीख येईलच.

आणि नियमित करण्याचा दंड भरतो कोण? चुना मारून प्लॉट विकणारा तर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. भरतो तो शेवटचा घेणारा. पंधरा फुटांची बोळ मात्र पंधराच फुटांची राहते. शुल्क भरून ती रुंद होत नाही. दादांच्या बाबतीत तर अर्जासोबत मालकीचा पुरावा जोडायचा तिथेच घोडे अडले. मूळ शेतकरी वारले, सातबाऱ्यावर त्यांच्या वारसांची नावे लागली. वारसांपैकी कोणी पुण्याला, कोणी नांदेडला. बॉण्डवरची सही ओळखणारा आता कोणी नाही.

उशीर झाला की काय होते

नियम वेळेवर सुधारला नाही तर काय होते, हे पाहायला दिल्लीकडे पाहावे. तिथे निवासी वस्त्यांत दुकाने वाढत गेली, आराखडा त्यांच्याकडे डोळेझाक करत राहिला. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वापराला सील ठोकण्याचा आदेश दिला. बाजार बंद पडले, निदर्शने झाली, सीलमपूर भागात गोळीबारात माणसे मेली. घाईघाईने सप्टेंबर २००६ मध्ये दोन हजारांहून अधिक रस्ते मिश्र किंवा वाणिज्य वापराचे म्हणून अधिसूचित झाले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये नवा आराखडा आला. त्यातही कसोटी रस्त्याच्या रुंदीची होती. जे शांतपणे दहा वर्षे आधी करता आले असते, ते रक्त सांडल्यावर झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये मेरठच्या शास्त्रीनगरमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, की निवासी भूखंडांवर परवानगीविना उभी राहिलेली दुकाने, ती किती वर्षे चालू आहेत या कारणावर वाचणार नाहीत. न्यायालयाची बाजूही समजून घेतली पाहिजे. नियम पाळून महाग प्लॉट घेणाऱ्याने काय पाप केले? त्याच्या शेजारी रात्री अकरापर्यंत वेल्डिंग चालले तर त्याने कोणाकडे जावे? दुकान आणि कारखाना एका मापाने मोजण्याची चूक दोन्ही बाजूंनी होते. दादांच्या गल्लीत किराणा, शिवणकाम, मोबाईलची दुरुस्ती, एक पिठाची गिरणी आणि एक सळईचे गोदाम आहे. नोटीस सर्वांना सारख्याच शब्दांची आली. गल्लीला विचाराल तर त्रास एकाच ठिकाणाचा आहे : सळईचा ट्रक पहाटे बोळीत अडकतो, आणि एकदा त्यामुळे बाळंतिणीची गाडी बाहेर निघेना. नियम खरे तर हाच फरक करायला आहे. पण ज्या वस्तीला तो लागूच होत नाही, तिथे किराणा आणि गोदाम एकाच ओळीत उभे राहतात.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की शहराच्या नियमांची सुधारणा मध्यावरून नव्हे, कडेवरून सुरू व्हायला हवी. वापराच्या यादीत चार दुकाने वाढवणे सोपे आहे आणि ते झालेले आहे. अवघड काम म्हणजे शेताचे प्लॉट होण्याआधी तिथे रस्ता आखणे.

त्याचे साधन आपल्याच जुन्या कायद्यात पडून आहे. १९१५ च्या कायद्यातली नगररचना योजना. शेजारशेजारच्या जमीनमालकांची वेडीवाकडी शेते कागदावर एकत्र करायची, त्यातून रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंड करून प्रत्येकाला त्याच्या वाट्याप्रमाणे परत द्यायची. क्षेत्र कमी मिळते, पण रस्त्याला लागलेले मिळते, म्हणून किंमत वाढते. मुंबईत वांद्रे, सांताक्रूझ, माहीम या भागांत अशा योजना झाल्या. नंतर महाराष्ट्राचा उत्साह ओसरला. गुजरातने मात्र हे साधन हातचे सोडले नाही. अहमदाबादची वाढ बऱ्याच अंशी याच मार्गाने झाली, आणि २००१ च्या भूकंपानंतर भुजचा दाट गावभागही याच पद्धतीने पुन्हा आखला गेला. आपल्याकडे अलीकडे पुण्याच्या आणि नवी मुंबईच्या आसपास ती पुन्हा सुरू झाली आहे. सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड यांसारख्या गावांना, जिथे बाहेरचा रस्ता अजून शेतातून जातो, ती सर्वांत स्वस्त पडेल. परभणी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर गेली होती. तिथे कडेची शेते किती उरली आहेत, हे कोणत्याही रस्त्याने गावाबाहेर गाडी काढली की दिसते.

दुसरी एक गोष्ट वाचकाच्या हातातली. विकास योजना करताना आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो, मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ही जाहिरात वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते, आणि आपण ती निविदा समजून पान उलटतो. आपल्या गल्लीची जागा पहिल्या नकाशात रिकामी शेती म्हणून दाखवली असेल, तर पुढे सगळे त्यावरच चालते. हरकत लिहायला वकील लागत नाही. गट क्रमांक, रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी, किती वर्षांपासून काय चालू आहे आणि काय हवे, एवढे एका पानात बसते. योजना मंजूर झाल्यावर बदल हवा असेल तर कलम ३७ खाली फेरबदलाचा मार्ग आहे, पण तो लांबचा, आणि तोवर आपल्या दारात नोटीस आलेली असते.

दिवाळीच्या तयारीसाठी पुतण्या गावी आला होता. जमीन महसूल संहितेत अलीकडे ४२-ड असे एक कलम घातले गेले आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक वापराची वाट ते सोपी करते. मला पाहायचे होते, वालूरचे हे २०० मीटर कुठवर जातात. आम्ही दोघे मोजपट्टी घेऊन निघालो. पांढरीची हद्द संपली, तूर लागली, एक पडकी विहीर लागली. दोनशे भरले तिथून जरा अलीकडे एका वावरात ज्वारी पेरलीच नव्हती. त्याऐवजी चुन्याच्या रेघा होत्या, कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या. इथे घरे झाली की प्रत्येक घराचा शोषखड्डा होईल, आणि जमिनीखालचे पाणी गावाकडेच, बारवांकडे उतरते असे जुने लोक सांगतात. आम्हाला मोजताना पाहून एक तरुण मोटारसायकलवरून आला. त्याला वाटले आम्ही गिऱ्हाईक आहोत. “काका, कॉर्नरचा पाहिजे की आतला? सध्या बॉण्ड करून देऊ, पुढं नियमित होतंय की.”

संध्याकाळी दादांना फोन करून हे सांगितले. भाव किती ते त्यांनी विचारले नाही.

“बोळ किती फुटांची सोडलीय?” त्यांनी विचारले.

आम्ही मोजली होती. पंधरा.